बिल्ला क्रमांक सत्तेचाळीस

त्रिएस्तेत पोचलो तर वारा माझ्याआधी येऊन बसलेला,
हॉटेलाच्या खोलीत, पडद्यामागं, फुगून.
"बोरा," काउंटरवरची बाई म्हणाली,
घरातल्या तिरसट थोरल्या दिराची
नव्या माणसाला ओळख करून द्यावी तशी.

तीन दिवसांची रजा. खिशात यादी:
संग्रहालयं चार, बागा दोन, कॅफे जमतील तेवढे.
यादी करणारा माणूस रजेवर नसतोच,
तो नुसता दुसऱ्या शहरात कामावर असतो.
हे नंतर कळलं.

समुद्राच्या संग्रहालयात
कोट ठेवायच्या खिडकीशी नीवेस,
मांडीवर लोकर, चष्मा दोरीला.
माझी छत्री तिनं दोन बोटांत धरली,
मेलेला कावळा उचलावा तशी.
"हिला या गावात कशाला आणलंत?"
आणि पितळेचा बिल्ला सरकवला. सत्तेचाळीस.

आत होकायंत्रं होती,
उत्तरेबद्दल त्यांचं एकमत नव्हतं.
एका कप्तानाचा चष्मा, उजवी काच तडकलेली.
कुणा खलाशानं बायकोसाठी घेतलेली शिंपल्यांची पेटी,
खाली पाटी: पोचली नाही.
एवढंच. कुठून, का, किती वर्षं – काही नाही.
त्या दोन शब्दांपुढं इतका वेळ उभा राहिलो
की शाळेची एक सहल माझ्या दोन्ही अंगांनी वाहून गेली
आणि एका पोरानं मला बोटानं टोचून पाहिलं,
हा खरा आहे की मांडलेला.

बाहेर पडलो भुकेनं, घाईनं.
छत्री आतच.

कॅफेत दुइलियो. पांढरा कोट, पाठ ताठ.
मी नुसतं "कॉफी" म्हणालो, त्याला वाईट वाटलं,
डॉक्टरपुढं बसून "दुखतंय" एवढंच म्हणावं तसं.
मग शिकवलं: नेरो म्हणजे काळी,
कापो इन बी म्हणजे काचेच्या चिमुकल्या पेल्यात,
बोटभर, वर फेसाचा ठिपका.
मी ते तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा तो हसला.
शेजारी दोन म्हाताऱ्या पत्ते खेळत होत्या,
एक इटालियनमध्ये डाव टाकायची,
दुसरी स्लोव्हेनमध्ये तो खोटा ठरवायची.
दोघींचे हिशेब मात्र एकाच वहीत.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरची गुलाबबाग.
पूर्वी इथं वेड्यांचं इस्पितळ होतं. कुंपणं, कुलपं.
आता फाटक सताड उघडं
आणि फेब्रुवारी, म्हणजे गुलाब नाहीतच;
छाटलेले खुंट, काटे, आणि प्रत्येकापुढं नावाची पाटी.
"मेमध्ये या," माळी म्हणाला. बोगोमिल त्याचं नाव.
मग माझा चेहरा बघून त्यानं कात्री पुसली,
एका खुंटाकडं बोट केलं: "हा पिवळा."
पुढचा: "हाही पिवळाच, पण लबाड. उमलताना लाल भासवतो."
"हिला वास नाही, म्हणून मिजास."
तासभर त्यानं मला बाग दाखवली
आणि तासभर मी ती पाहिली.
निघताना म्हणाला, "माझी आई इथंच राहायची. आत."
बोट कोणत्याच इमारतीकडं नव्हतं.
कात्री पुन्हा सुरू झाली.

तिसरा दिवस सोमवार. संग्रहालय बंद.
दाराला धरून उभा राहिलो, कशाला ते ठाऊक नाही;
पूर्वी म्हणे या रस्त्यांवर दोर बांधत,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
कोपऱ्यावरच्या कचरापेटीत मोडक्या छत्र्या कोंबलेल्या,
काड्या वर, भरली वांगी उलटी ठेवावीत तशा.
माझी तेवढी वाचली होती.
गाडी अकराची.

घरी येऊन कोट झटकला, फरशीवर पितळ वाजलं.

आता तिकडं एका खणात
ती आहे, काळ्या दांड्याची, एक काडी वाकडी,
होकायंत्रांपासून दोन भिंतींवर.
कधीतरी नीवेस लोकर बाजूला ठेवेल,
चष्मा नाकावर चढवून चिठ्ठी लिहायला बसेल:
छत्री. कापड, पोलाद. मालक –
इथं ती अडावी.
एवढ्यात काही लिहू नये तिनं.
मेमध्ये या, असं
मला कुणीतरी म्हटलेलं आहे.